बाजारातल्या फळांमधली खनिजं आणि जड धातू तपासताय? पिशवी भरण्यापासून आकडा लिहिण्यापर्यंत सगळं क्रमाने

फेब्रुवारी-मार्च आला आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टची घाई सुरू झाली की मला एकाच तऱ्हेचे मेसेज यायला लागतात. "पपईत शिसं मर्यादेच्या अडीचपट आलंय, पेपरला पाठवू का?" मी म्हणतो थांब, आधी कच्ची वही दाखव. वही येते आणि बहुतेक वेळा त्यात पपईचा काही दोष नसतो, सुक्या वजनाचा आकडा ओल्या वजनाच्या मर्यादेशेजारी ठेवलेला असतो, नाहीतर ब्लँक (फळ न घालता बाकी सगळं तेच केलेलं द्रावण) वजा केलेला नसतो, नाहीतर नळाच्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत सॅम्पल चार दिवस पडलेलं असतं. मशीन बरोबर असतं, मशीनपर्यंत जे पोचतं ते बिघडलेलं असतं.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरणं केळी, पपई, पेरू, चिकू, अननस आणि आंब्याची घेतलीत कारण प्रोजेक्टला हीच फळं येतात. घरी बसून करायचं हे काम नाही, लॅब लागतेच, पण ज्यांना फळं बाहेरच्या लॅबला द्यायचीत त्यांनीही पायरी १, ४ आणि ९ वाचाव्यात, शेवटी त्यांच्यासाठी वेगळं पण लिहिलंय.

## १. आधी प्रश्न ठरवा, फळ नंतर

खनिजं आणि जड धातू ही एका दमात बोलायची गोष्ट वाटते, पण लॅबमध्ये ती दोन वेगळी कामं आहेत. केळ्यात पोटॅशियम साधारण १०० ग्रॅमला ३५८ मिग्रॅ असतं, म्हणजे किलोला ३,५८० मिग्रॅ. त्याच केळ्यात कॅडमियमची युरोपियन युनियनची मर्यादा किलोला ०.०२ मिग्रॅ आहे. दोन आकड्यांत पावणेदोन लाखपटीचा फरक! पोटॅशियमसाठी तुम्हाला द्रावण पातळ करून करून थकायला होतं, आणि कॅडमियमसाठी तेच द्रावण जेवढं घट्ट ठेवता येईल तेवढं थोडं. त्यामुळे "सगळे एलिमेंट एकदाच बघू" म्हणून सुरुवात करू नका.

वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहा:

- कोणते धातू, आणि प्रत्येकाचा अपेक्षित आकडा साधारण किती.
- फळाचा कोणता भाग. पेरू सालीसकट खातात, केळं सोलून, चिकूचं घराघरात वेगळं. जे ठरेल ते शेवटपर्यंत तेच.
- कोणत्या मर्यादेशी तुलना करणार आणि ती मर्यादा फळाच्या कोणत्या भागाला, कोणत्या वजनावर लागते.

तिसरी ओळ कोणीच लिहीत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो. कोडेक्सची (म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) शिशाची मर्यादा बहुतेक फळांसाठी किलोला ०.१ मिग्रॅ आहे, युरोपियन युनियनची पण ०.१०. कॅडमियमला युरोपात केळी, आंबा, पपई, अननस यांना ०.०२० आणि पेरू-चिकूसारख्या 'इतर फळां'ना ०.०५०. हे सगळे आकडे ओल्या, म्हणजे ताज्या वजनावरचे आहेत, आणि युरोपचा नियम सरळ सांगतो की फळ धुऊन, खायचा भाग वेगळा करून मग मोजायचं. कोडेक्सचं जरा वेगळं आहे, आंब्याला कोय काढून तपासायचं पण आकडा अख्ख्या फळाच्या वजनावर मांडायचा, अननसाला फक्त वरचा तुरा काढायचा. म्हणजे एकाच आंब्याचे दोन आकडे येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असतात! आपल्याकडे एफएसएसएआयचे (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) २०११ चे कंटॅमिनंट्सचे नियम लागू आहेत, त्यात दुरुस्त्या होत राहतात, त्यामुळे सिनियरच्या थिसिसमधून मर्यादा कॉपी करू नका, एफएसएसएआयच्या साइटवरची ताजी प्रत उघडून त्यातलीच घ्या.

## २. मशीन पुरेल का, हे फळ विकत घ्यायच्या आधी तपासा

ही पायरी गाळली की तीन महिने वाया जातात, मी खोटं सांगत नाही.

कॉलेजमध्ये बहुधा फ्लेम एएएस असतं, म्हणजे ज्योतीतला धातू किती प्रकाश शोषतो त्यावरून मोजणारं मशीन. शिशासाठी त्याची दिसण्याची मर्यादा म्हणजे एलओडी लिटरला ०.०२ मिग्रॅ धरू. तुम्ही अर्धा ग्रॅम सुकी पपई विरघळवून २५ मिली केलीत, म्हणजे सुक्या वजनावर ०.०२ × २५ ÷ ०.५ = किलोला १ मिग्रॅ. पपईत ८८ टक्के पाणी, म्हणून ओल्या वजनावर ०.१२. आता बघा, मर्यादा ०.१ आहे आणि तुमच्या मशीनला ०.१२ च्या खालचं काही दिसतच नाही. असं मशीन वापरून "शिसं आढळलं नाही" लिहिण्याला अर्थ नाही, आणि "आढळलं" लिहिलंत तर तो बहुतेक मशीनचा नॉइजच असतो.

थोडक्यात:

- पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त, तांबं, मँगनीज यांना फ्लेम एएएस किंवा आयसीपी-ओईएस (प्लाझ्मात धातूने सोडलेला प्रकाश मोजणारं मशीन) मस्त चालतं. सोडियम-पोटॅशियमला साधं फ्लेम फोटोमीटरही.
- शिसं आणि कॅडमियमला ग्राफाइट फर्नेस (ज्योतीऐवजी छोटी भट्टी असलेलं एएएस) किंवा आयसीपी-एमएस (धातूचे अणू वस्तुमानावरून मोजणारं मशीन).
- आर्सेनिकला हायड्राइड जनरेशन किंवा आयसीपी-एमएस, पाऱ्याला कोल्ड व्हेपर किंवा आयसीपी-एमएस. पाऱ्याचं सॅम्पल वाळवायचं नाही, भट्टीत तर अजिबात नाही, तो उडून जातो.

चेक: वरचा हिशोब तुमच्या मशीनच्या आकड्याने, तुमच्या वजन-व्हॉल्यूमने करा. ओल्या वजनावरची एलओक्यू (जिच्या वरचा आकडा भरवशाने लिहिता येतो ती पातळी) मर्यादेच्या निदान पाचव्या हिश्शाला आली पाहिजे. येत नसेल तर जड धातू सोडून द्या आणि खनिजांवर चांगलं काम करा, त्यात कमीपणा काही नाही.

## ३. भांडी आधी, बाजार नंतर

लोक उलटं करतात. आधी मार्केट यार्डातून दहा किलो फळं आणतात, मग लक्षात येतं की बाटल्या ॲसिडमध्ये भिजवलेल्या नाहीत, मग "आज राहू दे उद्या करू" म्हणता म्हणता पपई पाणी सोडते आणि खालच्या पाण्यात काय काय जातं ते देव जाणे.

बाजारात जायच्या दोन दिवस आधी:

१. पॉलिप्रॉपिलिनच्या ट्यूब, बाटल्या, चमचे साबणाने धुवा, नळाच्या पाण्याने आणि मग डीआयोनाइज्ड पाण्याने खळबळा.
२. १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. बुडवून म्हणजे बुडवून, झाकणांसकट.
३. अल्ट्राप्युअर पाण्याने तीनदा खळबळा, मीटरवर १८.२ मेगाओम दिसतंय ना बघा.
४. झाकलेल्या डब्यात उपडी वाळवा. उघड्या टेबलावर टिश्यूपेपरवर नको, टिश्यूत पण जस्त-कॅल्शियम असतं.

काचेची भांडी शक्यतो टाळा. बोरोसिलिकेटमधून सोडियम आणि बोरॉन येतं आणि जुन्या काचेला आधीच्या सॅम्पलचं शिसं चिकटून बसलेलं असतं.

सावधान: पावडरवाले लेटेक्स ग्लोव्ह्ज वापरू नका. मी स्वतः सुरुवातीला चिकूत एवढं जस्त काढलं होतं की आठवडाभर मी डहाणू-घोलवडच्या मातीवर विचार करत बसलो. ग्लोव्ह्ज बदलले आणि जस्त गेलं. पावडर-फ्री नायट्राइल घ्या आणि तेही वरून धुऊन घ्या.

## ४. बाजारात: किती घ्यायचं, कुठून, कसं

एका हातगाडीवरून पाच पेरू घेतले म्हणजे पाच सॅम्पल झाली असं नाही. ते एक सॅम्पल, पाच पेरूंचं. 'एन बरोबर पाच', म्हणजे पाच स्वतंत्र सॅम्पल, लिहायचं असेल तर पाच वेगळे विक्रेते किंवा पाच वेगळ्या दिवशीचा माल पाहिजे.

किती घ्यायचं याला युरोपच्या ३३३/२००७ या सॅम्पलिंग नियमाचा आधार घ्या, सोपा आहे. लॉट ५० किलोपेक्षा कमी असेल तर किमान ३ ठिकाणचं, ५० ते ५०० किलो असेल तर ५ ठिकाणचं, ५०० च्या वर असेल तर १० ठिकाणचं उचलायचं आणि सगळं मिळून निदान १ किलो झालं पाहिजे. पपई-अननसात एकच फळ किलोचं भरतं, म्हणून "एक घेतली झालं" असं नको, तीन तरी घ्या.

क्रेटमधलं वरच्या थरातलं फळ दाखवायचं असतं, हे आपल्याला गिऱ्हाईक म्हणून माहितीच आहे. खालून, मधून, कडेने घ्या. विक्रेता वैतागतो, त्याला आधीच सांगा की निवडून चांगलं नकोय, मिसळून हवंय, पैसे पूर्ण देतो. केळी घेताना एकाच फणीतली सगळी नको, वेगवेगळ्या फण्यांतली दोन-दोन घ्या.

मग नोंद. जागेवरच लिहायची, घरी येऊन आठवून नाही: तारीख, वेळ, गाळा की हातगाडी, रस्त्यापासून अंतर, माल उघडा की झाकलेला, किती पिकलेलं, आणि विक्रेत्याने सांगितलेलं गाव. केळी विचारली की जळगाव आणि आंबा विचारला की देवगड हे उत्तर तयारच असतं, त्यामुळे वहीत "विक्रेत्याच्या सांगण्यानुसार" असंच लिहा. त्या गावच्या मातीबद्दल निष्कर्ष काढायचा असेल तर बाजारातलं फळ कामाचं नाही, शेतातून घ्या.

सावधान, तीन गोष्टींना नाही म्हणा:

- "कापून देऊ का?" पपईवाला आणि अननसवाला हमखास विचारतात. त्यांची सुरी आणि फळी तुमच्या सॅम्पलला लागता कामा नये.
- वर्तमानपत्रात गुंडाळणं. शाईत धातू असू शकतात, आणि खाण्याच्या वस्तूला वर्तमानपत्र वापरायला तशीही मनाई आहे.
- पाणी मारणं. अख्ख्या दिवसाचं एकच बादलीभर पाणी असतं ते.

नव्या कोऱ्या पॉलिथिनच्या झिप पिशव्या स्वतःच्या न्या. आणि एक पिशवी रिकामीच उघडून, थोडा वेळ बाजाराच्या हवेत धरून, बंद करून परत आणा. हा तुमचा फील्ड ब्लँक. हसतात लोक, हसू देत.

## ५. धुवायचं का? आणि सोलायचं कशाने?

धूळ ही फळातली नसते, फळावरची असते, पण रस्त्याकडेच्या पेरूवर तीच सगळ्यात मोठी गोष्ट ठरू शकते. म्हणून धुण्याचा नियम आधी ठरवा आणि प्रत्येक फळाला तेवढाच लावा. मी असं करतो: नळाचं वाहतं पाणी अर्धा मिनिट हाताने हलकं चोळत, मग डीआयोनाइज्ड पाणी, मग अल्ट्राप्युअर पाण्याचा एक हात, मग हवेत निथळायला. ॲसिडने किंवा ईडीटीएने (धातू ओढून घेणारं रसायन) धुऊ नका, घरी कोण धुतं तसं?

सालीसकट खायच्या फळाला वेळ असेल तर निम्मी फळं न धुता, निम्मी धुऊन असे दोन गट करा. दोघांतला फरक म्हणजे तुमची धूळ. छोट्या प्रोजेक्टला एवढा एक प्रश्न सुद्धा पुरतो आणि वाचणाऱ्याला त्याचा उपयोग असतो.

स्टिकर आधी काढा, देठाचा भाग उडवा. कापायला सिरॅमिकची सुरी. स्टीलच्या सुरीने लोह, क्रोमियम, निकेल येतं, आंबट फळात जास्त, अननसाला तर बघायलाच नको. हे तीन धातू तुमच्या यादीत नसतील तर स्टील चालवून घेता येईल, असतील तर अजिबात नाही. बोर्ड पांढऱ्या पॉलिथिनचा घ्या, रंगीत नको.

सोलताना साल बाहेरून आत ढकलली जाते, म्हणजे सालीवरची घाण सुरीसकट गरात. म्हणून आधी साल सगळी काढा, सुरी आणि ग्लोव्ह्ज धुवा, मग गर कापा. ही एक मिनिटाची सवय लागली की रिप्लिकेट, म्हणजे त्याच फळाचे परत केलेले आकडे, एकमेकांच्या जवळ यायला लागतात, मी स्वतः बघितलंय.

मोठं फळ उभं कापा, देठापासून टोकापर्यंत, आणि समोरासमोरच्या फाका घ्या. आडवी चकती घेतली तर एकाच टप्प्याचं सॅम्पल होतं.

## ६. एकजीव करणं, वजन आणि पाणी

सगळ्या फळांच्या फाका एकत्र करून मिक्सरला लावा. घरगुती मिक्सरचं पातं स्टीलचं असतं, टायटॅनियमचं मिळालं तर उत्तम, नाहीतर एक युक्ती सांगतो. अल्ट्राप्युअर पाण्याचा बर्फ करा, मिक्सरमध्ये फळाएवढाच वेळ फिरवा, ते पाणी ॲसिड घालून मशीनवर वाचा. पातं किती धातू देतंय ते कळतं.

आता सुकवायचं का ओलंच घ्यायचं? जुन्या पद्धतीत सगळं ओव्हनमध्ये वाळवून पावडर करतात. माझं मत विचाराल तर फळांना ओलंच घ्या. आंबा-चिकू ६० अंशाला वाळतच नाही, चिक्कीसारखा होतो, खलात चिकटतो, खरवडायला जाता आणि खलाचाच चुरा सॅम्पलमध्ये येतो. ३ ग्रॅम ओला पपईचा गर म्हणजे ०.३६ ग्रॅम सुका, मायक्रोवेव्ह डायजेशनला, म्हणजे ॲसिडमध्ये विरघळवायला, अगदी बरोबर. फ्रीझ ड्रायर असेल तर गोष्ट वेगळी.

ओलं घेतलंत तरी ओलाव्याचं प्रमाण काढाच, वेगळ्या वाटीत. साधारण अंदाज: केळी ७५ टक्के पाणी, चिकू ७८, पेरू ८१, आंबा ८३, अननस ८६, पपई ८८. तुमचा आकडा यापासून फार लांब गेला तर एकतर वजन चुकलंय नाहीतर फळ पिशवीत सुकलंय. वजन फळ कापल्या कापल्या करा, एसीच्या वाऱ्याखाली ठेवलेला गर दहा मिनिटांत हलका होतो आणि मग पुढचं सगळं त्या प्रमाणात फुगतं.

चेक: उरलेला गर नाव-तारीख घालून उणे २० ला ठेवलात का? ठेवा. का ते पुढे येईल.

## ७. डायजेशन, इथे घाई केली तर अपघात होतो

मायक्रोवेव्ह असेल तर: ३ ग्रॅम ओला किंवा जास्तीत जास्त ०.५ ग्रॅम सुका, त्यात ट्रेस मेटल ग्रेडचं ६९ टक्के नायट्रिक ॲसिड ६ मिली. झाकण न लावता फ्यूम हूडमध्ये अर्धा तास सोडा. फळात साखर भरपूर, ती ॲसिडला भिडली की गॅस सुटतो, हा गॅस बंद व्हेसलमध्ये सुटण्यापेक्षा आधीच जाऊ द्यावा. मग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १ मिली हळूहळू, बंद करून २० मिनिटांत १८० ते २०० अंशापर्यंत चढवा, १५ मिनिटं तिथे धरा. ५० अंशाच्या खाली येईपर्यंत उघडायचं नाही. एका फेरीत सगळ्या व्हेसलमध्ये एकाच प्रकारचं, एवढ्याच वजनाचं फळ, ब्लँक आणि सीआरएम (ज्यातल्या धातूंचे आकडे आधीच प्रमाणित आहेत असं तयार सॅम्पल) सोडून.

हॉटप्लेट असेल तर: नायट्रिक घालून रात्रभर हूडमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी ९० ते ९५ अंशाला तपकिरी धूर थांबेपर्यंत, थंड करून पेरॉक्साइड थेंब थेंब, परत गरम. द्रावण फिकट पिवळं किंवा पाण्यासारखं झालं की पुरे. कोरडं पडू देऊ नका, कोरडं पडलं की ते सॅम्पल गेलं.

सावधान: परक्लोरिक ॲसिडचं 'डाय-ॲसिड' मिश्रण अजून खूप ठिकाणी वापरतात. साखर असलेल्या फळावर परक्लोरिक आधी पडलं किंवा नायट्रिक संपून ते एकटं गरम झालं तर स्फोट होतो, उगाच घाबरवत नाहीये. त्याला वेगळा, पाण्याने धुता येणारा हूड लागतो. तो नसेल तर हातच लावू नका, नायट्रिक-पेरॉक्साइडने फळं छान विरघळतात.

भट्टी म्हणजे ड्राय ॲशिंग: फक्त खनिजांसाठी आणि ४५० अंशाच्या वर नाही. त्याच्या वर शिसं-कॅडमियम उडायला लागतं. तापमान हळू चढवा, साखर फुगून क्रूसिबलबाहेर येते.

प्रत्येक फेरीत हे चार असलेच पाहिजेत: दोन ब्लँक म्हणजे फळ सोडून सगळं तेच, एक सॅम्पल दुबार, एक स्पाइक म्हणजे माहीत असलेलं शिसं डायजेशनच्या *आधी* घातलेलं, आणि एक सर्टिफाइड रेफरन्स मटेरियल म्हणजे सीआरएम. एनआयएसटीचं (अमेरिकेच्या मानक संस्थेचं) १५१५ नंबरचं ॲपल लीव्ह्ज सहसा वापरतात, फळ नाही ते, पान आहे, पण निदान वनस्पती तरी आहे. विभागात बाटली पडलेली असते कपाटात, तारीख बघून घ्या.

## ८. मशीनवर

इथे मी भरभर जातो, ऑपरेटरला माहीत असतं. पण तुम्ही बाजूला उभं राहून हे बघा:

- स्टँडर्ड (माहीत असलेल्या आकड्याचं द्रावण) पाण्यात नाही, सॅम्पलमध्ये जेवढं ॲसिड तेवढ्याच ॲसिडमध्ये बनवलेलं हवं.
- कॅल्शियम-मॅग्नेशियमला लँथनम घातलंय का? फळातलं फॉस्फेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि आकडा कमी येतो. पोटॅशियम-सोडियमला सीझियम.
- पोटॅशियम किती पट पातळ केलं? केळ्याचं अर्धा ग्रॅम सुकं २५ मिलीत म्हणजे लिटरला जवळपास २८६ मिग्रॅ, एएएसला ७६६.५ नॅनोमीटरवर २ च्या आसपास हवं, म्हणजे सुमारे १५० पट. स्टँडर्डच्या कर्व्हच्या बाहेरचं रीडिंग ओढून-ताणून घ्यायचं नाही.
- ग्राफाइट फर्नेसला शिशासाठी मॅट्रिक्स मॉडिफायर (शिसं लवकर उडू नये म्हणून घालायचं रसायन) आहे ना, आणि बॅकग्राउंड करेक्शन चालू आहे ना.
- आयसीपी-एमएसवर आर्सेनिक बघताय तर हायड्रोक्लोरिक ॲसिड कुठेही वापरलेलं नको, निदान कोलिजन सेल (जोडीने येणारे अणू गाळणारा मशीनचा भाग) तरी चालू हवा. आर्गॉन आणि क्लोरीन जोडीने ७५ वस्तुमानावर येतात, आर्सेनिकही ७५.
- दर दहा सॅम्पलनंतर मधलं स्टँडर्ड परत वाचा, १० टक्क्यांच्या बाहेर गेलं तर मागची दहाही परत.

स्पाइक रिकव्हरी ८० ते ११० टक्क्यांत आली तर पुढे जा. ५५ टक्के आली तर "५५ ने भागून" आकडा दुरुस्त करायचा मोह होतो, नको, डायजेशन परत करा. गर उणे २० ला ठेवायला सांगितला तो यासाठीच.

आणि एकाच ट्यूबमधून मशीनने घेतलेली तीन रीडिंग म्हणजे तीन रिप्लिकेट नव्हेत. त्याने फक्त मशीन किती स्थिर आहे ते कळतं, फळाबद्दल काही कळत नाही.

## ९. हिशोब, इथेच पपई बदनाम होते

सुरुवातीला सांगितलेल्या मेसेजसारखं उदाहरण घेऊ. अर्धा ग्रॅम सुकी पपई, २५ मिली, ग्राफाइट फर्नेसवर शिसं लिटरला ६.२ मायक्रोग्रॅम, ब्लँक १.०.

- ब्लँक वजा: ६.२ − १.० = ५.२
- ट्यूबमधलं एकूण: ५.२ × ०.०२५ = ०.१३ मायक्रोग्रॅम
- सुक्या वजनावर: ०.१३ ÷ ०.५ = ०.२६ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम, म्हणजेच किलोला ०.२६ मिग्रॅ
- ओल्या वजनावर, १२ टक्के घन भाग धरून: ०.२६ × ०.१२ = ०.०३१

०.२६ हा आकडा ०.१ शेजारी ठेवला की अडीचपट, ०.०३१ ठेवला की मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत. पपई तीच, शिसं तेवढंच! डायजेशन ओल्या गराचं केलं असेल तर शेवटची पायरी नाहीच, तिथे परत ०.१२ ने गुणू नका, ही उलटी चूक पण होते.

एककांचा घोळ: मिग्रॅ प्रति किलो म्हणजेच पीपीएम, मायक्रोग्रॅम प्रति किलो म्हणजे पीपीबी. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅमला असतं, किलोचं करायला १० ने गुणायचं.

चेक, डोळ्याने: केळ्यात पोटॅशियम १०० ग्रॅमला ३५ किंवा ३,५०० आलं तर दशांश चिन्ह हललंय. केळ्यात सोडियम ५० आलं तर ते तुमच्या हाताचं किंवा काचेचं आहे, केळ्यात ते १ मिग्रॅच्या आसपास असतं. अननसात मँगनीज १०० ग्रॅमला ०.९ मिग्रॅच्या आसपास आलं तर घाबरू नका, अननस असाच असतो. हैदराबादच्या एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०१७ च्या भारतीय अन्न तक्त्यांशी सगळी खनिजं ताडून बघा, त्यातलं फळ आणि तुमचं फळ एकच आहे ना तेही बघा.

## १०. निकाल लिहिताना

मशीनला दिसलं नाही म्हणून शून्य लिहू नका. "किलोला ०.०१ मिग्रॅपेक्षा कमी" असं एलओक्यू घालून लिहा. सरासरी काढताना अशा आकड्यांचं काय केलं ते एका ओळीत सांगा.

आरोग्याचा धोका मोजायला गेलात तर एक सापळा आहे. बऱ्याच पेपरांत शिशासाठी दिवसाला किलो वजनामागे ०.००३५ मिग्रॅ हा 'सुरक्षित डोस' घेतलेला दिसतो. तो आठवड्याच्या २५ मायक्रोग्रॅमला ७ ने भागून आलेला आहे, आणि ते २५ जेईसीएफएने (एफएओ-डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ समितीने) २०१० मध्येच मागे घेतलंय, शिशाला सुरक्षित पातळी सांगता येत नाही म्हणून. तेव्हा तो वापरून "धोका नाही" असं छातीठोक लिहू नका. कॅडमियमला जेईसीएफएचा महिन्याचा २५ मायक्रोग्रॅम प्रति किलो वजन हा आकडा आहे, महिन्याचा, आठवड्याचा नव्हे.

कार्बाइडबद्दल पण विचारतात. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे आणि त्यात आर्सेनिकचा अंश असतो हे खरं, पण म्हणून आंब्यात आर्सेनिक नाही म्हणजे कार्बाइड नाही असं होत नाही. पुडी पेटीत ठेवतात, फळाला मुख्यतः गॅस लागतो. आर्सेनिकचा आकडा आर्सेनिकबद्दल सांगतो, तेवढंच लिहा.

आणि तीन हातगाड्यांच्या सॅम्पलवर अख्ख्या बाजाराचं नाव घेऊन "विषारी फळं" असं शीर्षक देऊ नका, त्या माणसांचं पोट त्यावर आहे.

## बाहेरच्या लॅबला देणार असाल तर

फोनवर एवढं विचारा: फळातलं शिसं-कॅडमियम तुमच्या एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) स्कोपमध्ये आहे का? नुसतं "आम्ही एनएबीएल आहोत" हे उत्तर पुरेसं नाही, स्कोपच्या यादीत फळ आणि तो धातू दोन्ही दिसले पाहिजेत. एलओक्यू किती? रिपोर्ट ओल्या वजनावर का सुक्या? फळ धुणार का, सोलणार का, का मी सांगेन तसं? ही उत्तरं मेलवर मागून घ्या, तोंडी नको.

फळं अख्खी द्या, न कापता, सकाळी, तुमच्याच झिप पिशवीत, आणि फॉर्मवर "धुऊन, साल काढून, खाण्यायोग्य भाग, ओल्या वजनावर" असं स्वतःच्या हाताने लिहा. तीच फळं वेगळ्या नंबरने दोनदा द्या, लॅबला न सांगता. दोन आकडे जुळले तर रिपोर्टवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

विक्रेत्याविरुद्ध तक्रार करायचा विचार असेल तर मात्र हा मार्ग बदलतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहक फी भरून फूड ॲनालिस्टकडून तपासणी करून घेऊ शकतो, पण तपासणी करणार आहे हे त्याने विक्रेत्याला खरेदी करतानाच सांगायचं असतं. घरी आणून, अर्धी पपई खाऊन, मग उरलेली घेऊन गेलात तर त्याचा उपयोग होणार नाही.